माइक गळ्यासाठी, निर्णय गिटारचा

घरी गाणी रेकॉर्ड करायची हुक्की आली की माणूस आधी स्वतःच्या गळ्याचा विचार करतो. आपला आवाज जाडा आहे की पातळ, खर्जात बरा वाटतो की वरच्या पट्टीत, अमुक माइकवर तो जरा भरदार येईल का, वगैरे. गिटारची आठवण नंतर होते. गळ्यासाठी जो माइक घेऊ तोच तिच्यासमोरही ठेवू, एवढ्यावर तिची बोळवण होते. माझं मत बरोब्बर उलट आहे. खिसा बेताचा असेल आणि एकच माइक घ्यायचा असेल, तर तो कुठला हे गिटारला ठरवू द्यावं. गळा समजूतदार असतो. तो पुढे सरकतो, मागे होतो, मान तिरकी करतो, वेळ पडली तर माइकच्या जाळीला ओठ टेकवूनही गातो. गिटारला यातलं काहीच जमत नाही.

का जमत नाही, ते हेडफोन लावून एकदा ऐकण्यासारखं आहे. अकूस्टिक गिटारचा आवाज एका जागेतून निघत नाही. तारेचा, ब्रिजचा (तारा खोक्यावर जिथे टेकतात त्या पट्टीचा), पुढच्या लाकडी फळीचा आणि खोक्यातल्या हवेचा असा तो मिळून तयार होतो आणि आपल्या कानाशी पोचेपर्यंत एकजीव होतो. माइक जवळ नेला की ही एकी मोडते. भोकासमोर धरला तर आतली हवा घुमायला लागते. बहुतेक गिटारांत हा घुमार १०० हर्ट्झच्या आसपास असतो. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झ, तिच्याच तिसऱ्या फ्रेटवरचा (मानेवरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीवरचा) जी हा सूर म्हणजे ९८ हर्ट्झ. त्यामुळे तो एक जी असा फुगून येतो की आजूबाजूचे सूर त्याच्यापुढे बिचारे वाटतात. बरं, घरी वापरायचे बहुतेक माइक एका दिशेने ऐकणारे असतात आणि असा बहुतेक कुठलाही माइक आवाजाच्या अगदी जवळ नेला की खालचे सूर आपोआप वाढवतो. गायकाला हे आवडतं, कारण त्याचा आवाज आयता भारदस्त होतो. गिटारवर मात्र घुमार अधिक घुमार असा हिशेब होतो, आणि हाती येतं ते ढोलाच्या जातीचं काहीतरी.

म्हणून माइक जातो बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या समोर, साधारण वीस-तीस सेंटिमीटर लांब, तोंड किंचित मान आणि खोका जिथे जुळतात त्या बाजूला. वाजवणारा दुसरा कोणी असेल आणि माइक आपल्या हातात असेल तर हेडफोनमध्ये जे कळतं ते वाचून कळत नाही. चार बोटं भोकाकडे सरकवला की तळ भरतो, चार बोटं गिटारच्या डोक्याकडे नेला की तारांवर बोट घासल्याचा आवाज पुढे येतो आणि लाकूड नाहीसं होतं. तो मधला टप्पा सापडला की एकदम ओळख पटते: हां, हीच आपली गिटार. एकदा सापडला की फरशीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. इक्वलायझरची (वरचे-खालचे सूर कमीजास्त करणारी) बटणं फिरवत घालवलेली अख्खी संध्याकाळ या चार बोटांच्या सरकवण्याची बरोबरी करत नाही.

आता खरी अडचण. गिटारपासून तीस सेंटिमीटर लांब गेलो, म्हणजे माइकला मिळणारा आवाज घटला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पातळी सहा डेसिबलने उतरते. त्यात तुम्ही नखांनी किंवा बोटांच्या पेरांनी हळू वाजवणारे असाल, तर माइकपर्यंत पोचणारा आवाज सत्तर डेसिबलच्या घरात धरून चाला. पूर्ण गळा लावून जाळीजवळ गाणारा माणूस १०० डेसिबल सहज ओलांडतो. म्हणजे एकाच माइकपुढे एकदा ओरडणारा उभा राहणार आणि एकदा कुजबुजणारा. माइक कुजबुजणाऱ्याच्या हिशेबाने घ्यायचा. या लेखातलं माझं म्हणणं इतकंच आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

माइकचे दोन मोठे प्रकार इथेच वेगळे होतात. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत हलतं. आवाजाने पडदा हलला, वेटोळं हललं, वीज निघाली. बाहेरून वीज लागत नाही, नाजूकपणा नाही, हातातून पडला तरी बहुधा काम करतो. श्युर कंपनीचा एसएम५७ हा १९६५चा, एसएम५८ त्याच्या पुढच्या वर्षीचा, आणि दोन्ही आजही विकले जातात. गंमत म्हणजे 'एसएम' म्हणजे 'स्टुडिओ मायक्रोफोन'. बनवला स्टुडिओसाठी आणि आयुष्य काढलं स्टेजवर, घामात आणि थुंकीत.

कंडेन्सर माइक त्याहून जुना. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या ई. सी. वेंटे यांनी तो १९१६ साली घडवला. यात वेटोळं नाही. पातळसा पडदा आणि त्याच्यामागे धातूची चकती, मध्ये केसभर हवा. पडदा थरथरला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि विद्युतभार त्याची नोंद करतो. ओढायला वेटोळ्याचं ओझं नसल्यामुळे पडदा चपळ राहतो. तारेवर नख आपटल्याचा पहिला 'टिक्' तो जसाच्या तसा पकडतो. १९६२ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी असा माइक तयार केला की ज्यात हा विद्युतभार कायमचा मुरवून ठेवता येतो. आधीच्या पिढीच्या फोनमधला बारका माइक, कॉलरला लावायचा माइक, हे सगळं पुढे त्यातून आलं आणि कंडेन्सर स्वस्त होण्याचा रस्ताही तिथूनच मोकळा झाला.

माइकमधल्या सर्किटला मात्र वीज लागते. इंटरफेसवर, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवर, '४८ व्होल्ट' लिहिलेलं बटण असतं ते यासाठी. ४८च का, याची कथा मला फार आवडते. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या रेडिओला केबलमधूनच वीज घेणारे माइक पुरवले, तेव्हा तिथल्या स्टुडिओंमध्ये आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती. तीच वापरली. उत्तरेकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यासाठी केलेली सोय आज जगभरच्या बेडरूममधल्या गिटारवाल्यांना पुरते आहे.

आता आकडे, कारण दुकानदार आणि हौशी मंडळी शब्दांवर भर देतात आणि शब्द फार फसवे असतात. एसएम५८ ला ९४ डेसिबल आवाज ऐकवला तर तो सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा परवडणाऱ्या कंडेन्सरांमधला नेहमीचा माइक तेवढ्याच आवाजाला सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो. फरक साडेसतरा डेसिबलचा. आपली हळुवार गिटार सत्तर डेसिबलवर आहे, म्हणजे डायनॅमिककडून मिळणार एका मिलिव्होल्टचा जेमतेम दहावा हिस्सा आणि कंडेन्सरकडून जवळपास एक मिलिव्होल्ट. तो दहावा हिस्सा कामाचा व्हायचा तर इंटरफेसचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, साठ डेसिबलच्या आसपास न्यावा लागतो. स्वस्त इंटरफेस तिथवर पोचता पोचता धापा टाकतो आणि गिटारच्या मागे 'स्स्स' सुरू होतं. आवाज गाण्याचा असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता. म्हणून म्हटलं, निर्णय गिटारचा.

इथे एक समज खोडून काढतो, कारण तो जिथे-तिथे ऐकू येतो: 'खोली वाईट असेल तर डायनॅमिक घ्या, तो खोली पकडत नाही.' माइकला खोली कळत नाही हो. त्याच्यापर्यंत जो आवाज येतो तो तो ऐकतो. दोन्ही माइक एकाच दिशेने ऐकणारे असतील, एकाच अंतरावर ठेवले आणि पातळी सारखी केली, तर गाणं आणि खोली यांचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. डायनॅमिकचे वरचे सूर थोडे मऊ असतात, त्यामुळे भिंतींचा चिरचिरीतपणा किंचित झाकला जातो, इतकंच. लोकांना जो मोठा फरक जाणवतो तो अंतराचा असतो. डायनॅमिक आपण ओठाशी धरतो, कंडेन्सर हातभर लांब ठेवतो, आणि मग श्रेय माइकला देतो. कंडेन्सरसमोरही तितक्याच जवळून गा, खोली तितकीच मागे जाईल.

अर्थात गिटारच्या बाबतीत तीस सेंटिमीटर अंतर ठेवावंच लागतं, त्यामुळे खोलीशी समझोता करावाच लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरच्या टेबलावर आपटून माइककडे येणारा आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त चालला, तर तो एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी मूळ आवाजाला खड्डे पाडतो. ते पोकळ, डब्यातून आल्यासारखं वाजणं पुष्कळदा यातूनच येतं आणि दोष माइकच्या माथी जातो. टेबल बाजूला सरकवायला काही लागत नाही. भिंतीवर चिकटवायचा पातळ फोम मला फारसा पटत नाही. तो वरचे सूर खातो आणि खालचे तसेच ठेवतो. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते, तिला बोटभर फोमचं काय सोयरसुतक. त्यापेक्षा उघडं कपाट, कपड्यांनी गच्च भरलेलं, आणि वाजवणाऱ्याच्या पाठीमागे उभी केलेली गादी. खोलीच्या अगदी मध्यावर आणि कोपऱ्यात बसू नये.

माइकच्या स्वतःच्या आवाजाबद्दलही लोक फार घाबरवतात. कंडेन्सरच्या माहितीपत्रकात 'सेल्फ नॉइज' दिलेला असतो. एटी२०२० चा २० डेसिबल, रोड कंपनीच्या एनटी१-ए चा ५. कागदावर फरक प्रचंड. पण रात्री सगळं शांत झाल्यावरही राहत्या घरातली खोली बहुधा तीस डेसिबलच्या खाली जात नाही. पंखा, फ्रिज, संगणकाचा आतला पंखा, खालून जाणारी एखादी गाडी. या सगळ्यांच्या गलक्यात माइकचे ते २० डेसिबल बहुतेक वेळा बुडून जातात. फ्रिज बंद करून रेकॉर्डिंग केलं तर जो फायदा होतो तो महागड्या माइकपेक्षा मोठा असू शकतो. (बंद केलेला फ्रिज परत चालू करायची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली त्यात ठेवायची युक्ती रेकॉर्डिंगवाल्यांमध्ये जुनी आहे. बाहेर जाताना किल्ली लागतेच.) एनटी१-ए वाईट म्हणतोय असं नाही. अगदी संथ, एकेक सूर सोडून वाजवणाऱ्याला, खोली खरोखरच शांत असेल तर, तो फरक ऐकू येईल.

स्वस्त कंडेन्सरांवर एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. त्यातले बरेच टोचतात. याचं कारण ठरलेलं आहे. मोठ्या पडद्याच्या अनेक स्वस्त माइकांतली कॅप्सूल (पडदा आणि चकतीचा तो भाग) ही नॉयमानच्या यू६७ आणि यू८७ मधल्या कॅप्सूलच्या धर्तीवर बनते. ती कॅप्सूल मुळात वरच्या सुरांना उचलून धरणारी. मूळ माइकमधलं सर्किट तो उठाव मुद्दाम खाली आणतं. स्वस्त नकलेत कॅप्सूल आली, ते सर्किट आलं नाही. मग 'स', 'श', 'च' कानात सुईसारखे शिरतात. गाणाऱ्याच्या आवाजात मुळातच धार असेल तर असा माइक टाळावा. ऐकून पाहताना नेमक्या याच अक्षरांचे शब्द म्हणावेत, उगाच 'हॅलो हॅलो, चेक' करू नये. आणि 'फ', 'भ', 'ख' सुद्धा. आपल्या भाषेत हवेचा झोत सोडणारी अक्षरं भरपूर आहेत. पॉप फिल्टर तोंड आणि माइकच्या मध्ये हवाच, शिवाय माइक ओठांच्या थेट समोर न ठेवता किंचित वर किंवा बाजूला ठेवला की झोत शेजारून निघून जातो.

गाताना वाजवायचं असेल तर सगळा मामला आणखी गमतीदार होतो. दोन माइक लावले तर गळ्याच्या माइकमध्ये गिटार शिरते आणि गिटारच्यात गळा. मग मिश्रण करताना गिटार थोडी वाढवावी तर गाणंही बदलतं. कार्डिऑइड माइक, म्हणजे वर सांगितलेला एका दिशेने ऐकणारा नेहमीचा माइक, पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे गळ्याचा माइक थोडा खालून वर बघेल असा ठेवून त्याची पाठ गिटारकडे करायची आणि गिटारच्या माइकची पाठ तोंडाकडे. थोडं जमतं, पूर्ण नाही. इंग्रजी आठाच्या आकारात ऐकणारे माइक दोन्ही बाजूंना जवळजवळ ठार बहिरे असतात, ते यासाठी सर्वांत चांगले. पण बेताच्या किमतीत ते कमी सापडतात. मला स्वतःला एकाच माइकचा मार्ग जास्त भावतो. छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर माइक; गाणं कमी वाटलं तर माइक वर, गिटार कमी वाटली तर खाली. नंतर काही दुरुस्त करता येत नाही, म्हणून माणूस नीट गातो. या पद्धतीला पुन्हा कंडेन्सरच लागतो, कारण अंतर.

थेट संगणकात लागणारा यूएसबी माइक, की इंटरफेसमधून जोडायचा, तीन पिनांचा साधा एक्सएलआर? एकट्याने, एकाच माइकवर, कधीकधीच रेकॉर्ड करणाऱ्याला यूएसबी पुरतो, फक्त त्याला हेडफोनचं भोक आहे ना ते बघावं. संगणकातून फिरून येणारा स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर तालाचं वाटोळं होतं. दुसरा माइक कधी ना कधी घ्यायचा विचार असेल तर सरळ एक्सएलआर आणि दोन माइकांचा छोटा इंटरफेस. दोन यूएसबी माइक म्हणजे दोन वेगळी घड्याळं. लांब रेकॉर्डिंगमध्ये ती हळूहळू एकमेकांपासून सरकतात. सॅमसनचा क्यू२यू सारखे काही डायनॅमिक माइक दोन्ही जोडण्या देतात, तो मधला मार्ग. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवावं आणि सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाऊ द्यावा. दिवा लाल होईपर्यंत गेन चढवायची सवय टेपच्या जमान्यातली, आता तिचा उपयोग नाही.

पैसे थोडे असतील तर माइकमध्ये काटकसर करून स्टँडवर खर्च करावा, हेही माझं ठाम मत. आडवा हात असलेला, जड बुडाचा स्टँड. हलका स्टँड कंडेन्सरच्या वजनाने अंतऱ्यापर्यंत येता येता वाकतो आणि बाराव्या फ्रेटवर रोखलेला माइक गुडघ्याकडे बघायला लागतो. मग तेच गाणं, तीच गिटार, पण दोन टेकमधला आवाज जुळत नाही.

निवडताना इंटरनेटवरच्या तुलनांवर फार भिस्त ठेवू नये. तो गळा त्यांचा, खोली त्यांची, आणि वर काय काय मसाला घातलाय ते सांगितलेलं नसतं. जमलं तर मित्राचा माइक एका रविवारी आणावा. आपल्याच खोलीत, आपल्याच गिटारवर, एकच ओळ दोन माइकांवर म्हणावी. ऐकण्याआधी दोन्हींची पातळी कानाने नव्हे, मीटर बघून सारखी करावी. एक डेसिबलने मोठा असलेला आवाज प्रत्येकाला 'चांगला' वाटतो, आणि कंडेन्सर जात्याच मोठा येतो. पातळी जुळवली की निम्मे वाद मिटतात.

माझा एक मित्र हे सगळं ऐकून हसतो. तो जाड पिकने जोरदार स्ट्रमिंग करतो, उभा राहून, पाय आपटत. त्याच्या गिटारचा आवाज वीतभर अंतरावर एवढा असतो की डायनॅमिकला भरपूर मिळतं, वर पिकची खडखड जरा दबते ती वेगळीच. त्याच्यासारखं वाजवणाऱ्याला वरची सगळी आकडेमोड लागू नाही. त्याने ५७ च्या धाटणीचा डायनॅमिक घ्यावा, गाताना त्यावर फोमची टोपी चढवावी, आणि वाचलेल्या पैशांत तारांचे दोन-तीन सेट घेऊन ठेवावेत. फक्त कोऱ्या तारांवर त्याच दिवशी रेकॉर्डिंगला बसू नये. एक-दोन दिवस वाजवून त्यांचा खणखणाट उतरू द्यावा, नाहीतर प्रत्येक कॉर्ड बदलताना बोटं किंचाळतात.